माजी व्याह्यांची सहल

चष्मेवाल्यांच्या मुलीचा घटस्फोट झाला तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांची विचारपूस केली. मुलीची केली, जावयाची केली, दोन्हीकडच्या आयांची केली. चष्मेवाल्यांना कुणी काही विचारलं नाही. ते दुकानात बसून कुणाच्या तरी फ्रेमचा वाकडा दांडा सरळ करत होते, त्यामुळे त्यांचंही काही बिघडलं असेल असं कुणाच्या मनात आलं नसावं.

बिघडलं होतं ते असं, की त्यांचे व्याही गेले होते. गेले म्हणजे हयात होते, चांगले धडधाकट होते, दोन गल्ल्या सोडून ड्रायव्हिंग स्कूल चालवत होते. पण व्याही म्हणून गेले होते.

या व्याह्यांना सगळे मास्तर म्हणत. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला रस्ता कसा ओलांडावा हे भर चौकात सुनावलं होतं. लग्न झालं त्या वर्षी नव्या जोडप्याने हौसेने दोन्ही घरच्यांना डोंगरातल्या एका तळ्यावर नेलं होतं, तंबूत राहायला. दोघी विहिणींना थंडी वाजली. मुलांना डास चावले. दोघे व्याही मात्र घडीच्या खुर्च्या टाकून पाण्याकडे तोंड करून बसले ते जेवायलाच उठले. जेवून पुन्हा बसले. परत येताना मास्तर म्हणाले, “बरं बसलो.” चष्मेवाले म्हणाले, “बसलो खरे.” पुढच्या वर्षी ते दोघेच गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

चष्मेवाल्यांना मित्र नव्हते. होते ते शाळेबरोबर संपले. नंतर माणसाला गिऱ्हाइकं मिळतात, शेजारी मिळतात, नातेवाईक मिळतात. मित्र कुठे मिळतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. उतारवयात अचानक एक माणूस भेटला, ज्याच्याशेजारी गप्प बसलं तरी तो ‘काय झालं, गप्प का?’ असं विचारत नाही. त्याला मित्र म्हणायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. व्याही हा तयार शब्द होता, तो पुरत होता.

आणि मग मुलांचं मोडलं. भांडण असं झालंच नाही. एकदा सकाळी चहा पिताना दोघांच्या लक्षात आलं, की आपण एकमेकांशी फार नीट वागतो, पाहुण्यांशी वागतात तसं. मग त्यांनी नीट बोलून, नीट वकील पाहून सगळं आटोपलं. भांडणाची उणीव आयांनी भरून काढली. एक म्हणाली सून तुसडी होती, दुसरी म्हणाली जावई घुम्या होता, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहू लागल्या. बाजारात समोरून आल्या तर दोघी एकाच वेळी रस्ता ओलांडत, त्यामुळे पलीकडच्या बाजूला पुन्हा समोरासमोर येत. बापांनी अळीमिळी गुपचिळी धरली. सह्या मुलांच्या झाल्या होत्या. त्यांची सही कुणी मागितलीच नव्हती.

‘माजी जावई’ हा शब्द चष्मेवाल्यांनी लवकरच ऐकला. ‘माजी व्याही’ असं कुणी म्हणत नव्हतं. तसं काही असतं की नाही, हेच त्यांना कळेना.

एका दुपारी मास्तर दुकानात आले. गल्ल्यावर चष्मेवाल्यांची बायको बसली होती. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि आतल्या खोलीच्या दिशेने म्हणाली, “गिऱ्हाईक आलंय.”

“नंबर तपासायचा होता,” मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले.

आतल्या काळोख्या खोलीत चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरची पाटी उजळली. मास्तर मोठ्याने वाचू लागले. ग. ल. प. ट. मग आवाज न बदलता म्हणाले, “तळ्यावर जायचं मी रद्द केलेलं नाही. न. व.”

चष्मेवाल्यांनी भिंग बदललं. “खालची ओळ वाचा.”

“शुक्रवारी निघू.”

“ती ओळ तशी नाही.”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

दुसरा डोळाही तपासावा लागला, नाहीतर बाहेर संशय आला असता. नंबर होता तोच निघाला. जाताना मास्तरांनी चष्म्याची एक डबी विकत घेतली, आणि चष्मेवाल्यांच्या बायकोने ती कागदात न गुंडाळता दिली.

घरी थापा मारणं ओघानंच आलं. चष्मेवाल्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी थाप फार तपशीलवार मारली. भिंगं बनवणाऱ्यांची बैठक आहे, परगावी आहे, नव्या भिंगांवर बोलणार आहेत, बोलणारा माणूस कंटाळवाणा आहे पण विषय चांगला आहे. बायको म्हणाली, “बरं.” मास्तरांनी आपण थोरल्या भावाकडे जातोय असं सांगितलं. त्यासाठी भावालाही सामील करून घ्यावं लागलं. भाऊ एका अटीवर तयार झाला, की मास्तरांनी खरोखरच यायचं नाही.

गाडी मास्तरांच्या शाळेचीच होती. टपावर पाटी, पाटीवर शाळेचं नाव, फोन नंबर आणि खाली लाल अक्षरांत ‘आधी ब्रेक, मग बाकी’. गाडीला ब्रेकही दोन, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारच्याच्या. मास्तरांना शेजारी बसण्याचीच इतकी सवय झाली होती, की चाकामागे बसलं की ते हरवल्यासारखे दिसत. म्हणून चष्मेवाले चालवायचे आणि मास्तर थांबवायचे. वळण आलं, मास्तरांचा पाय खाली. समोर म्हैस दिसली, पाय खाली. लांबवर म्हशीसारखा दगड दिसला तरी खाली. इतक्या वर्षांत या गाडीत चष्मेवाल्यांना स्वतःहून ब्रेक लावायची वेळ आली नव्हती.

अडचण दुसरीच होती. एकमेकांना हाक काय मारायची? पूर्वी ‘व्याहीबुवा’ होतं. ते आता म्हणता येईना. ‘मास्तर’ म्हणणं म्हणजे शिकाऊ झाल्यासारखं, आणि मास्तरांनी ‘चष्मेवाले’ म्हणणं म्हणजे रस्त्यावरून ओरडल्यासारखं. शेवटी दोघांनीही ‘अहो’वर भागवलं. “अहो, पाणी द्या.” “अहो, ही वाट का ती?” वाटेत एका टपरीवर चहा घेताना मास्तर म्हणाले, “अहो, तुमचा गार होतोय,” तेव्हा टपरीवाल्याने दोघांकडे जरा निरखून पाहिलं.

डांबरी रस्ता संपला की जंगलातून कच्ची वाट होती आणि ती थेट तळ्यावर निघत होती. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूने आपण, असं ते तळं होतं. झाडं पाण्यापर्यंत उतरलेली. वस्ती नाही, दिवा नाही, कुत्रंसुद्धा नाही. इंजिन बंद केल्यावर इतकी शांतता पसरली, की चष्मेवाल्यांना स्वतःच्या कानातली एक बारीक शिट्टी ऐकू आली. ती शहरात कित्येक वर्षं वाजत असावी.

तंबू लावताना मास्तर सूचना देत होते. पहिला खांब, सावकाश. आता दुसरा. घाई नको, मागे कुणी हॉर्न वाजवत नाहीये. तंबू उभा राहिला, किंचित डावीकडे कललेला. मग खुर्च्या उघडल्या आणि दोघे बसले.

ऊन उतरलं, पाण्याचा रंग दोनदा बदलला, पलीकडच्या काठावर काहीतरी पाणी प्यायला आलं आणि गेलं. चष्मेवाल्यांचा जन्म हातभर अंतरावरच्या अक्षरांत गेला होता; इथे बघायचं ते सगळं लांब होतं आणि कुठलीही ओळ वाचून दाखवायची नव्हती. अंधार पडायच्या सुमाराला मास्तरांनी स्टोव्हवर डब्यातलं सूप गरम केलं, दोघांनी त्याच्याबरोबर पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली, आणि झोपले. मुलांचा विषय निघाला नाही. बायकांचाही नाही.

सकाळी मास्तरांनी रबरी होडी काढली. ती गेल्या वर्षीही होती, पण तेव्हा हवा भरण्यातच दिवस गेला होता. यंदा त्यांनी गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप आणला होता. पंपाची वायर आखूड, म्हणून मास्तरांनी स्वतः चाकामागे बसून गाडी उतारावरून पाण्याजवळ आणली. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवलं, त्यासाठी गियर काढून ठेवला. होडी फुगली. मास्तरांनी इंजिन बंद केलं, आपला फोन खिशातून पडून भिजू नये म्हणून गाडीत ठेवला, दार लावलं आणि दोघे होडीत बसले.

दोन वल्ही होती, दोघांनी एकेक घेतलं. मास्तर जोर लावत आणि चष्मेवाले बेताने, त्यामुळे होडी गोल गोल फिरत पुढे सरकत होती. तळ्याच्या मध्याच्या आसपास आल्यावर दोघांनी वल्ही आत घेतली. होडी फिरायची थांबली.

मग मास्तर म्हणाले, “एक विचारू?”

“विचारा.”

“मी आता तुमचा कोण लागतो?”

चष्मेवाल्यांनी विचार केला. प्रश्न सरळ होता आणि त्यांना वेळ मारून न्यायची नव्हती. “बायको म्हणाली, गिऱ्हाईक,” ते म्हणाले.

“ते झालंच. डबी घेतली मी. पण तिचं राहू द्या, तुम्ही सांगा.”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. त्यांना काय म्हणायचं होतं ते बहुधा जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण चष्मा लावल्यावर त्यांना काठ स्पष्ट दिसला आणि ते म्हणाले, “तुमची गाडी चाललीये.”

मास्तरांनी मान वळवली.

गाडी चालली होती. वेगात नाही. एखादा शिकाऊ पहिल्या दिवशी चालवतो तशी, धीर करत, मधेच जरा अडखळत, गवतावरून सरळ पाण्याकडे. चाकामागे कुणी नव्हतं. पुढची चाकं पाण्यात गेली तेव्हा ती थबकली आणि दोघांनाही वाटलं की झालं, थांबली. पण ती दम खात होती. मग ती आणखी उतरली, नाक बुडलं, मागचा भाग थोडा तरंगला आणि एक मोठा बुडबुडा वर आला.

मास्तरांचा उजवा पाय होडीच्या रबरी तळावर जोराने दाबलेला होता.

“हँडब्रेक,” ते अगदी हळू म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात इतका हळू कधी उच्चारला नसेल.

म्हणण्यासारखं एकच होतं आणि ते मास्तरांनी म्हणून टाकलं होतं.

दोघांनी वल्ही मारायला घेतली. मास्तर आता आणखी जोरात मारत होते, त्यामुळे होडी आणखी लहान गोल काढू लागली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. इथे बुडाली होती गाडी आणि घसरत होते हे. अखेर चष्मेवाल्यांनी दोन्ही वल्ही आपल्याकडे घेतली आणि होडी काठाला लावली. तोवर गाडी चिखलात स्थिर झाली होती. पाणी खिडक्यांपर्यंत आलं होतं. टप वर होता, टपावरची पाटी कोरडी होती आणि ‘आधी ब्रेक, मग बाकी’ हे लांबूनही सुरेख वाचता येत होतं. थोड्या वेळाने एक बगळा आला आणि पाटीवर बसला.

मास्तर खुर्चीत बसून राहिले. त्यांचा फोन गाडीत होता. चष्मेवाल्यांचा तंबूत होता, पण त्याला तिथे रेंज नव्हती. ती वरच्या एका मोठ्या खडकावर चढल्यावर येई, तीही एका कोपऱ्यात. चष्मेवाले चढले आणि तिथे उभे राहून कुणाला फोन करावा याचा विचार करू लागले. बायकोला करणं शक्य नव्हतं. मास्तरांच्या भावाला केला असता, पण घरच्यांच्या लेखी मास्तर त्याच्याकडेच होते. त्यांनी मुलीला फोन लावला.

मुलगी पुलांचे आराखडे तपासायच्या कचेरीत होती. कुठला पूल कोसळेल आणि कुठला नाही हे सांगायचं तिचं काम, त्यामुळे ती फोनवर कधीच दचकत नसे.

“गाडी तळ्यात आहे,” चष्मेवाले म्हणाले.

“तळ्याजवळ?”

“तळ्यात.”

“कुणाची गाडी?”

“मास्तरांची.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बाबा, तुम्ही भिंगवाल्यांच्या बैठकीला गेला होतात ना?”

“बैठकच आहे,” चष्मेवाले म्हणाले. “बसलोच होतो आम्ही.”

तिने कुणाला लागलं आहे का विचारलं, दोघे कोरडे आहेत का विचारलं, आणि कशालाही हात लावू नका असं बजावून फोन ठेवला. आईला सांगू नकोस, हे चष्मेवाल्यांनी फोन बंद झाल्यावर सांगितलं.

दुपार कलेपर्यंत दोघांनी चहा केला, तो प्यायला, पुन्हा केला. खुर्च्या पाण्याकडे तोंड करूनच होत्या. फक्त आता समोर गाडी होती. मास्तर एकदाच बोलले. पंचवीस-तीस वर्षं आपण लोकांच्या हातावर पट्ट्या मारल्या त्या कशासाठी, असं म्हणाले. त्यांनी उत्तर मागितलं नव्हतं, म्हणून चष्मेवाल्यांनी दिलं नाही. त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मग जंगलातून इंजिनाचा आवाज आला आणि एक पिकअप गाडी बाहेर आली. मागच्या हौद्यात मातीचे डाग, दोर, फळ्या आणि दोन-तीन रोपं. ती मास्तरांच्या मुलाची होती. त्याची रोपवाटिका होती. चालवणाऱ्या बाजूने तो उतरला. दुसऱ्या बाजूने चष्मेवाल्यांची मुलगी उतरली.

मास्तरांनी चष्मेवाल्यांचं कोपर धरलं. दोघे बघत राहिले. एका गाडीतून, एकत्र, इतका लांबचा रस्ता! चष्मेवाल्यांच्या मनाने एका क्षणात फार मोठी मजल मारली. त्यांना पुन्हा बोहल्यावर नाही तर निदान एका घरात चहा पिणारी दोघं दिसली, समोरासमोर आल्यावर रस्ता न ओलांडणाऱ्या दोघी विहिणी दिसल्या, आणि ‘व्याहीबुवा’ असं मोकळेपणी हाक मारता येणारे स्वतः दिसले. गाडी बुडाली ते एकंदरीत बरंच झालं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मुलीने आधी तळ्याकडे पाहिलं, मग बगळ्याकडे, मग दोघांकडे.

“झालं समाधान?” ती म्हणाली.

“कसलं?”

“माझ्या गाडीने ही ओढली जाणार नाही आणि पिकअप असलेला एकच माणूस मला माहीत आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी याला फोन केला. वाटेत आम्ही बोललो. बाबा, आमचं ठरलंय ते ठरलंय. गाड्या बुडवून ते बदलणार नाही.”

चष्मेवाल्यांना क्षणभर काही उमगलंच नाही. मग हळूहळू उमगलं. मुलांना वाटत होतं, की त्यांना एकत्र आणायला बापांनी हा घाट घातला आहे.

मास्तर खुर्चीतून उठले. “मी माझी गाडी मुद्दाम बुडवीन?”

“मग काय झालं?” मुलाने विचारलं.

“उतार होता. गेली आपोआप,” मास्तर म्हणाले.

“उतारावर आपोआप गेली म्हणता? म्हणजे हँडब्रेक ओढलेला नव्हता. तुम्ही हँडब्रेक ओढायला विसरलात, हे मी मानायचं, बाबा? मला जेवणाच्या टेबलाची खुर्ची सरकवतानासुद्धा तुम्ही आरशात बघायला लावलंय.”

चष्मेवाल्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि त्यांना काय चाललंय ते दिसलं. मास्तरांपुढे दोन वाटा होत्या. एक तर ते कारस्थानी बाप ठरणार होते, नाहीतर हँडब्रेक विसरलेले मास्तर. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि छाती थोडी पुढे काढली.

“बरं, कळलंय तर लपवण्यात अर्थ नाही,” ते म्हणाले. “मुद्दामच सोडली.”

मुलगा आणि मुलगी यांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली आणखी एक काहीतरी होतं, आणि बापाला ते दिसलं. ती थकली होती. वर्षभर कुणी ना कुणी तिला समजावत होतं, भेटवत होतं, फोन जोडून देत होतं; त्यात आता आपला बापही सामील झाला असं तिला वाटत होतं. ज्याने एवढ्या काळात एक अक्षर विचारलं नव्हतं तो एकटा बाप.

चष्मेवाल्यांना मास्तरांची लाज राखायची होती. मनापासून राखायची होती. पण ती आणि मुलीचं मन, दोन्ही राखता येत नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले. “विसरले ते. पंप लावायला गियर काढला आणि हँडब्रेक राहिला. मी होडीतून बघितलं.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“आणि तुमच्यासाठी आलोच नव्हतो आम्ही,” चष्मेवाले पुढे म्हणाले. “तुमचा विषयसुद्धा निघाला नाही. कालपासून एकदाही नाही.”

“मग कशाला आलात?” मुलीने विचारलं.

“बसायला.”

“घरी नाही बसता येत?”

“येतं,” चष्मेवाले म्हणाले. “यांच्याबरोबर नाही येत.”

ती काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. ते मिटलेल्या डोळ्यांनी उभे होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिच्या ध्यानात आलं असावं, की घटस्फोटाच्या वेळी सगळं नीट वाटून घेताना या दोघांचा हिशेब कुणी धरलाच नव्हता. बाही वर सारत तिने पूर्वीच्या नवऱ्याला विचारलं, “दोर किती वजन घेईल?”

पुढचं काम दोघांनी केलं. तो कमरेभर पाण्यात शिरला आणि गाडीच्या मागच्या आकड्याला दोर बांधला. तिने पिकअप कुठे उभी करायची, फळ्या कुठे टाकायच्या, किती ताण द्यायचा हे सांगितलं. फार थोडे शब्द, एकही वाया न जाणारा. बगळा उडाला. चष्मेवाले बघत होते आणि त्यांना वाटलं, काय जोडी आहे. मग गाडी वर आली, दोर सुटला, आणि दोघांनी आपापल्या फडक्याला हात पुसले. तो पिकअपच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला, ती दुसऱ्या. कुणी रागावलं नव्हतं, कुणी ओशाळलंही नव्हतं. एकाच कचेरीतले दोघे जण काम उरकून आपापल्या टेबलाशी जातात तसं ते होतं. चष्मेवाल्यांनी हे नीट पाहिलं, आणि वर्षभर मनाच्या कोपऱ्यात जपलेली एक आशा कुणाला न सांगता सोडून दिली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

मुलाने येऊन त्यांना खुर्च्या घडी करायला मदत केली. “काका, होडीतली हवा काढू का?” त्याने विचारलं. पूर्वी तो बाबा म्हणायचा. काका म्हणजे अगदीच घराबाहेर काढलेलं नाही, असा चष्मेवाल्यांनी अर्थ लावला आणि हवा काढा म्हणाले.

मास्तर गाडीपाशी गेले. दार उघडलं तशी धबाबा पाणी बाहेर आलं, आणि त्याबरोबर मास्तरांचा फोनही आला. पाणी संपेपर्यंत ते अदबीने बाजूला उभे राहिले. मग ओल्या सीटवर चाकामागे बसले, हात लांब केला आणि हँडब्रेक ओढला. करकर असा आवाज झाला. तिघांनी तो ऐकला.

परतताना पिकअप पुढे आणि दोराला बांधलेली गाडी मागे. मागच्या गाडीत कुणीतरी चाक धरून बसणं भाग होतं. मास्तर बसले. त्यांच्याशेजारी चष्मेवाले बसले. मुलीने पुढे या म्हटलं तरी गेले नाहीत. सीट एवढी ओली होती, की पहिल्या वळणाला दोघांच्या पँटी भिजल्या आणि पुढे भिजायला काही उरलं नाही.

“तुम्ही सांगायला नको होतंत,” बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले.

“नको होतं.”

“त्याने आता जन्मभर धरायचं मला.”

“धरेल.”

मास्तरांनी एक वळण घेतलं. गाडी ओढली जात असतानाही त्यांनी आधी आरशात पाहिलं. “तरी बरं झालं,” ते म्हणाले, “पोरीचा चेहरा बघवत नव्हता मला.” मग जरा थांबून म्हणाले, “पुढच्या वर्षी बसने येऊ.”

ते घरी पोचण्याआधीच बातमी पुढे पोचली होती. चिखलाने माखलेली, आतून गळणारी, दोराने बांधलेली आणि डोक्यावर फोन नंबर मिरवणारी गाडी भर बाजारातून गेली, तर ती कुणाची हे विचारावं लागत नाही. तिच्यात शेजारी कोण बसलंय हेही विचारावं लागत नाही. मास्तरांकडे शिकलेल्या प्रत्येकाने त्या दिवशी थांबून वाट करून दिली.

चष्मेवाल्यांच्या बायकोने काहीच म्हटलं नाही. ताट वाढलं, भांडं आपटलं नाही, बैठक कशी झाली विचारलं नाही. हे न विचारणं बरेच दिवस चाललं. चष्मेवाले दुकानात एकाच फ्रेमचा दांडा दोनदा सरळ करू लागले. ओरडली असती तर परवडलं असतं.

मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “त्यांचा गुडघा कसा आहे?”

“कुणाचा?”

“त्यांचा.” तिने देठ मोडला. “जिना चढताना हात टेकून चढतात म्हणे. मी आपलं ऐकलं.”

विहीणबाईंचा गुडघा दुखतो हे चष्मेवाल्यांना ठाऊकच नव्हतं. दोन दिवस, तेही तंबूत, मास्तरांबरोबर काढूनही त्यांना मास्तरांच्या घरातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं. ते म्हणाले, विचारतो. ती म्हणाली, मी विचारलं म्हणू नका.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. फोन नवा होता, पण नंबर जुनाच. गुडघा कसा आहे, असं त्यांनी विचारलं. कुणाचा, असं मास्तरांनी विचारलं. मग पलीकडे फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, कुजबुज झाली, आणि मास्तर परत आले.

“सुजलाय म्हणते. औषध चालू आहे.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि ती म्हणते, म्हणजे ती म्हणते असं सांगायचं नाही, की तो विणायला घेतलेला स्वेटर तसाच पडलाय. खांद्याशी टाके किती कमी करायचे ते तुमच्या घरीच ठाऊक आहे.”

चष्मेवाल्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “खांद्याशी टाके किती कमी करायचे?”

भाजीचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

“असं सांगून कळतं होय?” ती म्हणाली. “द्या इकडे.”

तिने फोन घेतला, पलीकडे कोण आहे ते न विचारता “त्यांना द्या” म्हणाली, आणि थोड्या वेळाने, अगदी कोरड्या आवाजात, खांद्यापासून सुरुवात केली. तिथून ती मानेवर आली, मानेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून डॉक्टरवर. चष्मेवाले शेजारी उभे राहिले. त्यांनाही मास्तरांशी दोन शब्द बोलायचे होते, आणि फोन त्यांचा होता. बराच वेळ उभं राहिल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि उरलेली भाजी निवडायला बसले.